मनाची गोळी आणि तहान

मी बहरीनला नर्स होते तेव्हाची गोष्ट. 1983 साली रमजान ऐन जून-जुलैत आला होता. त्या दिवसांत तिथे पारा चाळिशीच्या आसपास, त्यात समुद्राची दमट हवा. आमच्या वॉर्डात चाळिशीच्या एका बाईंना आणले. बरीच वर्षे त्या लिथियमच्या गोळ्या घेत होत्या. हात थरथरत होते, उलट्या-जुलाब चालू होते, बोलणे जड, चालताना झोक जायचा. ‘जुना आजार उलटला,’ असे सगळे म्हणाले आणि खरे सांगते, मीही तेच धरून चालले. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले तेव्हा लिथियम फार वाढलेले निघाले. रोजे चालू, दिवसभर पाणी नाही, घाम भरपूर. सलाइन लावल्यावर हळूहळू बऱ्या झाल्या. पण आमचा एक दिवस वाया गेला होता, तो मला अजून खुपतो.

लिथियम हा एक क्षार आहे. अंगात पाणी आणि मीठ कमी पडले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही. रक्तात साधारण 0.6 ते 1.0 पर्यंत ते औषध असते, 1.5 च्या पुढे विष होऊ लागते. आपल्या वयात तर कमी प्रमाणही बाधते.

म्हणून ज्यांच्या घरी कोणी ही गोळी घेते त्यांनी योम किप्पूरच्या उपासाआधी डॉक्टरांना जरूर विचारावे. जिवाला धोका असेल तर उपास सोडायला आपला धर्मही सांगतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. गुडघे दुखतात म्हणून ब्रुफेन किंवा व्होवेरान घेणे, ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी सुरू होणे, मीठ एकदम तोडणे, या सगळ्यांनी लिथियम वाढते. गुडघ्याच्या डॉक्टरांना मनाची गोळी सांगायला माणसे लाजतात, तिथेच घोटाळा होतो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षे आधी जातात, आणि त्यातली बरीचशी हृदयविकार, मधुमेह, छातीचे रोग अशा साध्या दुखण्यांनी. ओलॅन्झापीन, क्लोझापीनने वजन आणि साखर वाढते. क्लोझापीनने बद्धकोष्ठ इतका होऊ शकतो की आतडे अडते. तेव्हा ‘पोट साफ होते का?’ हे रोज विचारा, संकोच नको. विडी-सिगारेट अचानक सुटली तर या दोन्ही औषधांचे रक्तातले प्रमाण चढते, तेही डॉक्टरांना कळवायचे.

लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचे असते. रात्री 9 ला गोळी घेतली तर सकाळी 9 ला, सकाळची गोळी घेण्याआधी. त्याच वेळी थायरॉइड आणि मूत्रपिंडाचीही तपासणी मागून घ्या.