तापीकाठचं युरेनियम आणि व्हिएन्नाची नोंदवही

हतनूर धरणातलं तापीचं पाणी भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्राला जातं. नदी पुढे जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत उकाई धरणात अडते आणि त्याखाली काकरापारच्या बंधाऱ्यापाशी तिचं पाणी कालव्यात वळतं. त्या कालव्याच्या आधारावर गुजरातमधलं काकरापार अणुवीजकेंद्र चालतं. एकाच नदीवर कोळशाचं एक आणि युरेनियमचं एक, अशी ही दोन केंद्रं. दोन्हींची वीज पश्चिम भारताच्या एकाच जाळ्यात येते.

दीपनगरला मालगाडीनं आलेला कोळसा जळून गेला की विषय संपला. राखेच्या विटा करा, नाहीतर ती सिमेंटमध्ये घाला. कोळसा विकणारा पुन्हा चौकशीला येत नाही. काकरापारला आयात केलेल्या युरेनियमचं तसं नाही. ते किती आलं, भट्टीत कधी गेलं, बाहेर कधी निघालं, आता कुठे ठेवलंय, हा सगळा हिशेब व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला द्यावा लागतो. जळून गेलेल्या इंधनाचीही नोंद का ठेवायची, हे कळलं की अणुकरारांतली निम्मी कलमं आपोआप उलगडतात.

खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये सहज फुटणारं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. बाकी जवळपास सगळं युरेनियम-२३८. भट्टीत २३५ फुटून उष्णता देतं, आणि त्याच वेळी २३८ चा थोडा भाग न्यूट्रॉन गिळून प्लुटोनियम होतो. हे प्लुटोनियम वेगळं काढता येतं. ते पुन्हा इंधन म्हणून वापरता येतं आणि बॉम्बमध्येही. एवढं गायब झालं तर एक बॉम्ब होऊ शकेल, असं मानून व्हिएन्नाच्या संस्थेनं जो आकडा ठरवला आहे तो फक्त ८ किलो आहे. वीज आणि बॉम्ब यांचा रस्ता बऱ्याच अंतरापर्यंत एकच असल्यामुळे विकणारा देश माल देतानाच वचन मागतो.

हे वचन कसं बांधलं जातं, हे पाहायला तारापूर अणुवीजकेंद्राइतकं चांगलं उदाहरण नाही. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या आल्या आणि १९६९ मध्ये वीज सुरू झाली. या भट्ट्यांना साधं युरेनियम चालत नाही. २३५ चं प्रमाण वाढवलेलं, म्हणजे समृद्ध युरेनियम लागतं. ते अमेरिकेनं पुरवायचं आणि तारापूरनं फक्त तेच जाळायचं, असं ठरलं. अमेरिकेहून आलेला माल हैदराबादच्या अणुइंधन संकुलात जाई, तिथे त्याच्या गोळ्या आणि नळ्या बनत आणि मग त्या तारापूरला येत. म्हणून देखरेखही हैदराबादपर्यंत पोहोचली. १९७१ मध्ये भारत, अमेरिका आणि व्हिएन्नाची संस्था यांचा त्रिपक्षीय करार होऊन निरीक्षणाचं काम त्या संस्थेकडे गेलं.

निरीक्षक तिथे नेमकं करतात काय? इंधनाच्या जुड्या क्रमांकानुसार मोजतात, वह्यांशी ताडून पाहतात, सील लावतात, साठवणीच्या तलावावर कॅमेरे ठेवतात. तारापूर १ आणि २ चं झाकण इंधन बदलायलाच उघडतं. झाकणाला सील असलं की मधल्या काळात आतून काही काढलेलं नाही, याची खात्री पटते. काकरापारच्या जड पाण्याच्या भट्ट्यांचं काम त्यामानानं अवघड, कारण तिथे भट्टी चालू असतानाच इंधन आत-बाहेर होतं. सीलवर भागत नाही, सतत नजर ठेवावी लागते.

मात्र या सगळ्या व्यवस्थेत १९७४ पर्यंत एक मोठं भोक होतं. तुर्भ्याची सायरस भट्टी कॅनडानं दिली होती आणि तिचं जड पाणी अमेरिकेचं होतं. दोन्हींच्या कागदांत ‘शांततामय उपयोग’ हे शब्द होते, पण व्हिएन्नाचे निरीक्षक तिथे येत नव्हते. १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताचा अणुस्फोट झाला, तो सायरसच्या प्लुटोनियमचा. भारतानं त्याला शांततामय स्फोट म्हटलं. कॅनडानं सहकार्य थांबवलं. माल विकणारे देश लंडनमध्ये एकत्र बसले आणि त्यातून अणुपुरवठादार गट उभा राहिला.

या गटाला अणुप्रसारबंदी कराराशी एक समजू नये. प्रसारबंदी करार १९७० मध्ये लागू झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला तेच अण्वस्त्रधारी, अशी त्याची व्याख्या आहे, आणि म्हणूनच भारतानं त्यावर कधी सही केली नाही. पुरवठादार गट हा करार नाही. कोणाला काय विकायचं याचे नियम विक्रेत्यांनी आपसात ठरवले, एवढंच. सही न केलेल्या देशालाही ते नियम लागतात, कारण दुकान त्यांच्याच हातात असतं.

तारापूरवर संकट आलं ते १९७८ मध्ये. देशातली सगळी अणुकेंद्रं निरीक्षणाखाली असतील तरच इंधन, असा कायदा अमेरिकेनं केला. आधी झालेल्या करारात ही अट नव्हती. १९८० मध्ये ३८ टन इंधनाचा प्रश्न अमेरिकी सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा मतांनी जेमतेम सुटला. पुढे १९८२ मध्ये तोडगा निघाला, फ्रान्सनं १९९३ पर्यंत इंधन दिलं. नंतर चीन आणि रशियाकडूनही ते आलं. वापरलेल्या इंधनाचा तिढा मात्र तसाच राहिला. त्यावर पुनर्प्रक्रिया करायला, म्हणजे त्यातलं प्लुटोनियम वेगळं काढायला, अमेरिकेची संमती हवी होती आणि ती मिळत नव्हती. इंधन तारापूरलाच साठत गेलं. पैसे देऊन घेतलेल्या, जळून गेलेल्या मालावरही पूर्ण हक्क मिळत नाही, हे भारत इथे शिकला. माझ्या मते पुढची सगळी घासाघीस या अनुभवातून आलेली आहे.

ती घासाघीस १८ जुलै २००५ च्या मनमोहन सिंग–बुश निवेदनापासून सुरू झाली. मूळ कल्पना अशी की सगळा देश तपासणीखाली न आणता केंद्रांची विभागणी करायची: ही नागरी, ती बाकीची. तेव्हाच्या यादीतल्या २२ पैकी १४ भट्ट्या भारतानं निरीक्षणासाठी पुढे केल्या. काकरापार १ आणि २ त्यांत आल्या. तारापूरला तर ही रेषा एकाच आवारातून जाते. अमेरिकी बनावटीच्या १ आणि २ निरीक्षणाखाली, स्वदेशी ३ आणि ४ बाहेर.

जुलै २००८ मध्ये याच प्रश्नावर डाव्या पक्षांनी सरकारचा पाठिंबा काढला, आणि त्याचं पत्र गेलं ते आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्याकडे. त्या तेव्हा राष्ट्रपती होत्या. २२ जुलैला सरकारनं २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासमत जिंकलं. १ ऑगस्टला व्हिएन्नाच्या संस्थेच्या नियामक मंडळानं भारताचा निरीक्षण करार मंजूर केला, ६ सप्टेंबरला पुरवठादार गटानं भारताला आपल्या नियमांतून सूट दिली आणि १० ऑक्टोबरला भारत-अमेरिका करारावर प्रणव मुखर्जी आणि कोंडोलिझा राईस यांच्या सह्या झाल्या. हा क्रम उलटा चालला नसता. निरीक्षणाशिवाय सूट नाही आणि सुटीशिवाय विक्री नाही.

नव्या करारात तारापूरच्या जखमा दिसतात. इंधनाचा राखीव साठा करायला मदत, ही तरतूद आहे. पुनर्प्रक्रियेला तत्त्वतः संमती आहे, त्यासाठी भारतानं निरीक्षणाखालचं स्वतंत्र संकुल उभारायचं. पुनर्प्रक्रियेची कार्यपद्धती ३० जुलै २०१० रोजी ठरली. करार मोडायचा तर एक वर्षाची लेखी सूचना लागते.

कराराचा फायदा कुठे झाला, हे विचारलं की जैतापूरकडे बोट दाखवलं जातं. तिथल्या नियोजित भट्ट्या फ्रेंच, अपघाताच्या नुकसानभरपाईचा २०१० चा भारतीय कायदा आणि किमतीचा वाद मध्ये, त्यामुळे काम अडलेलं राहिलं. करारानं विक्रीची परवानगी मिळते, भाव त्यात ठरत नाही. खरा फरक जुन्या भट्ट्यांना पडला. २००८ च्या सुमारास देशी युरेनियम कमी पडल्यानं जड पाण्याच्या भट्ट्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास चालत होत्या. सूट मिळताच फ्रान्सकडून ३०० टन, रशियाकडून २००० टन आणि कझाकस्तानकडून २१०० टन युरेनियमचे व्यवहार ठरले. निरीक्षणाखालच्या भट्ट्यांना ते वापरता आलं आणि त्यांची वीज वाढली.

आणि कॅनडा? १९७४ ला दार लावून घेतलेल्या त्या देशानं २०१० मध्ये भारताशी नवा करार केला. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि डिसेंबर २०१५ मध्ये कॅनडाचं युरेनियम पुन्हा भारतात उतरलं, या वेळी शेवटच्या किलोपर्यंतचा हिशेब द्यायच्या अटीवर.