रेनकोटच्या आतला पाऊस

गेल्या जुलैतली गोष्ट. एका रविवारी सकाळी मी सायकलने पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्याकडे निघालो. अंगात नवाकोरा रेनकोट होता आणि पावसाची भुरभुर चालू होती. पायथ्याशी पोचून रेनकोट काढला, तर शर्ट पिळून घ्यावा इतका ओला! दुकानदाराने फसवले, असे पुटपुटतच घरी आलो. रेनकोटच्या पाठीची झोळी करून तीत तांब्याभर पाणी ओतून ठेवले. अर्ध्या तासात एक थेंबही खाली गळला नाही. मग शर्ट भिजला कशाने?

एक सोपा प्रयोग करा. घरात बसून हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवीचे तोंड मनगटाशी दोऱ्याने सैलसर बांधा. दहा-पंधरा मिनिटांत पिशवी आतून धुरकट होईल. घरात तर पाऊस नाही! हे पाणी तुमच्याच त्वचेतून आलेल्या वाफेचे. पिशवीच्या गार पृष्ठभागावर तिचे सांद्रीभवन झाले.

सायकल चालवताना ही वाफ किती तरी वाढते. आपण पायडलला 75 वॉट शक्ती पुरवली, तर तिच्या सुमारे तिप्पट, म्हणजे 225 वॉट उष्णता शरीरात तयार होते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता खर्च होते. ही सारी उष्णता घामानेच बाहेर टाकायची झाली, तर तासाला किती घाम लागेल? गणित करून पाहा. उत्तर सुमारे 340 ग्रॅम येईल!

स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 साली कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालून जलरोधक कापड केले. त्यातून पाऊस आत येत नसे, पण वाफही बाहेर जात नसे. 1969 साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून त्याचा सच्छिद्र पडदा बनवला. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात, की पाण्याचा थेंब त्यांतून शिरत नाही. वाफेचे सुटे रेणू मात्र सहज निसटतात.

मग असेच महागडे जाकीट घ्यावे काय? जरा थांबा. वाफ बाहेर ढकलतो तो आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबांतला फरक. 35 अंश सेल्सिअसला संपृक्त बाष्पदाब पाऱ्याच्या 42 मिलिमीटर असतो. थंड देशात 5 अंशांच्या पावसात बाहेरचा दाब साडेसहा; म्हणजे फरक 35 हून अधिक. आपल्याकडे पावसात हवा 25 अंशांची आणि बाष्पाने भरलेली असते. तिचा दाब 24, म्हणजे फरक अवघा 18! तेच जाकीट येथे निम्म्याच जोराने वाफ बाहेर टाकते.

म्हणून आपल्या पावसाळ्यात कापडापेक्षा हवा खेळण्याच्या वाटा अधिक पाहाव्यात. काखेत उघडणारी चेन आहे काय? पाठीवर झाकणाखाली जाळी आहे काय? मग शिवणी तपासा. सुईने पाडलेली भोके आतून पट्टी चिकटवून बुजवलेली हवीत. चिठ्ठीवर 10,000 मिलिमीटर असे लिहिले असेल, तर ते कापड 10 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते, असा त्याचा अर्थ.

दुकानात जाकीट अंगात घालून हँडल धरल्यासारखे वाका. पाठ उघडी पडली किंवा बाह्या मनगटावरून मागे सरकल्या, तर ते सायकलसाठी नव्हे. टोपी मान वळवताना डोळ्यांआड येता कामा नये. मागून येणारी मोटार दिसली पाहिजे. रंग पिवळा किंवा नारिंगी भडक घ्या, म्हणजे पावसाच्या अंधारात तुम्हीही मोटारवाल्याला दिसाल.

मी आता तोच जुना रेनकोट वापरतो. चढावर भुरभुर असेल, तर तो पिशवीत ठेवतो आणि खुशाल भिजतो. उतारावर मात्र घालतो. कारण तेथे पाय थांबलेले असतात, वारा सुटलेला असतो आणि ओला शर्ट अंगातली ऊब झपाट्याने पळवतो. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल!