परिपत्रक आणि परिसर भगिनी

मुंबईचा केरकचरा शहराच्या दृष्टीआड व्हावा म्हणून तत्कालीन कारभाऱ्यांनी जी तजवीज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केली, तिच्याच पोटी गोवंडीचा अर्वाचीन इतिहास जन्माला आला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. प्लेगच्या साथीनंतर कचरा वस्तीपासून दूर नेण्याची निकड भासू लागली. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग 1906 साली पडला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी, आणि उतारूंना त्याचा लाभ मिळाला तो 1924 साली. गोवंडीलगतची देवनारची कचराभूमी 1927 पासून चालू आहे. या मुलखात केर आधी आला आणि प्रवासी मागाहून.

2016 च्या जानेवारीअखेर देवनारला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली, तिचा धूर नासाच्या उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांतही उमटला, आणि तेव्हा कोठे शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर ही भोवतालच्या वस्त्यांची नावे वृत्तपत्रांत ठळक अक्षरांत झळकली. अशा आगींची शास्त्रीय मीमांसा फारशी अवघड नाही. भाजीची देठे, शिळा भात, फळांच्या साली असा ओला ऐवज पन्नीत गाठ मारून टाकला, आणि त्यावर आणखी शेकडो टन कचऱ्याचे थर चढले, की आत हवा पोहोचत नाही. हवेवाचून जगणारे जिवाणू त्या ऐवजाचे विघटन करू लागतात व त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निपजतो. मग ठिणगीचे निमित्त पुरते.

परंतु तोच वायू, त्याच ओल्या ऐवजातून, गोवंडीच्या शेजारी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मुद्दाम निर्माण केला गेला. डॉ. शरद काळे यांनी तेथे विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात ओला कचरा दळून, पाण्यात कालवून, प्रथम हवेच्या सान्निध्यात ऊन पाण्याच्या साह्याने कुजवितात आणि नंतर बंद टाकीत सोडतात. वायू चुलीकडे जातो, उरलेला गाळ खत म्हणून झाडांना पडतो. अट एवढीच, की करवंटी, शहाळे, मोठे हाड किंवा पन्नी टाकीकडे जाता कामा नये. म्हणजे शास्त्रज्ञांच्या सगळ्या खटाटोपाचे भवितव्य अखेरीस कोणा अनोळखी गृहिणीच्या ओट्याशेजारच्या डब्यावर अवलंबून राहिले.

येथेच स्त्री मुक्ती संघटनेच्या कार्याचे महत्त्व ध्यानात येते. 1975 साली स्थापन झालेली ही संघटना सामान्य वाचकास ठाऊक आहे ती ज्योती म्हापसेकर यांच्या ‘मुलगी झाली हो’ या नाटकामुळे. परंतु 1998 पासून तिने ‘परिसर विकास’ या नावाने कचरावेचक स्त्रियांचे जे संघटन आरंभिले, ते माझ्या मते त्या नाटकाइतकेच मोलाचे आहे. खांद्यावर गोणी घेऊन पुठ्ठा, काच आणि कडक प्लास्टिक वेचणाऱ्या, हुसकावल्या जाणाऱ्या या बायांना ओळखपत्र मिळाले, बचतगट मिळाले, खत करण्याचे व ‘निसर्गऋण’ संयंत्र चालविण्याचे रीतसर शिक्षण मिळाले, आणि ‘परिसर भगिनी’ असे नामाभिधान मिळाले. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने 2008 पासून घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम मोबदला घेऊन चालविले आहे.

याउलट सरकारी मार्ग पाहावा. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन विभाग प्रत्येक कुटुंबावर बंधनकारक केले. मुंबई महापालिकेने वीस हजार चौरस मीटरांहून मोठ्या, अथवा दररोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना फर्माविले, की 2 ऑक्टोबर 2017 पासून ओला कचरा आवारातच जिरवावा. मुदतवाढीचे अर्ज झाले, मुदती वाढल्या, नोटिसा निघाल्या. ही दिरंगाई केवळ नागरिकांच्या आळसापायी झाली, असे मला वाटत नाही. परिपत्रक जाते सोसायटीच्या चिटणीसाकडे. डबा असतो घरकाम करणाऱ्या मावशींच्या हाती, आणि त्यांच्याशी या विषयावर कोणी चार शब्द बोललेले नसते. हिरवा आणि निळा डबा शेजारी शेजारी मांडला तरी जिन्यात येणारा माणूस दोन्ही एकाच पिंपात रिकामे करतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की विभागणीचा उत्साह ओसरण्यास आठवडा पुष्कळ झाला.

जेथे कचरा घेणारी व्यक्ती नित्याची असते, तेथे मात्र बोलणे घडते. ‘ताई, दुधाच्या पिशवीचा कोपरा पुरता कापून टाकू नका, नुसती चीर द्या, तो तुकडा ओल्यात पडला की निवडता निवडत नाही, आणि पिशवी विसळून दिलीत तर भंगारात तिला भाव येतो’, एवढे सांगणे एखाद्या जाहिरात फलकाच्या शंभर सुभाषितांना भारी पडते, कारण त्यात विनंती आहे, कारण आहे आणि सांगणारीच्या पोटाचा प्रश्नही आहे. निर्माल्यातील दोरा काढण्याची सवयसुद्धा अशीच लागते.

संस्थांचा मामला काहीसा सुलभ, काहीसा बिकट. महाविद्यालय, रुग्णालय वा कचेरी यांच्या उपाहारगृहात एका प्रमुखाच्या हुकमाने पत्रावळ्यांऐवजी स्टीलची ताटे येतात आणि वाढपी उष्टे वेगळ्या पिंपात ओतू लागतात. पण त्या प्रमुखाची बदली झाली, किंवा ठेका दुसऱ्याकडे गेला, की सारे पूर्वपदावर येते. सबब हा विषय ठेक्याच्या करारनाम्यातच कलम म्हणून घालावा आणि कचऱ्याचे वजन रोजच्या रोज नोंदवहीत उतरवावे. वजनाचा आकडा दिसू लागला, की पानात किती टाकले जाते याची चर्चा आपोआप सुरू होते.

आता खुद्द देवनारचे स्वरूप पालटू घातले आहे. तेथील सुमारे 185 लाख टन जुना कचरा उपसून निकालात काढण्याची योजना महापालिकेने 2025 साली हाती घेतली असून, मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा काही भाग धारावी पुनर्विकासासाठी राखला आहे. डंपिंगवर वेचणाऱ्या बायांना त्या जागेचा आधार राहणार नाही. त्यांना सुका कचरा निवडण्यासाठी छप्पर, वजनकाटा, पाण्याचा नळ आणि गोणी ठेवण्यापुरती जागा प्रत्येक प्रभागात मिळावयास हवी, आणि तिची तरतूद उपसणी संपण्यापूर्वी व्हावयास हवी.