आधी मोजा, मग निवडा

तुमच्या आजोबांच्या कपाटात एखादी जुनी, चपटी प्लॅस्टिकची डबी असेल, तर ती जरा उघडून पाहा. कदाचित तिच्यात पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या लहान लहान चौकटी सापडतील. अशी प्रत्येक चौकट ५ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद असते. तिच्या मधोमध फिल्मचा एक तुकडा बसवलेला असतो. तो उजेडासमोर धरला की त्यात रंगीत चित्र दिसते. या वस्तूला स्लाइड म्हणतात. तिच्यातून उजेड आरपार जातो, म्हणून मराठीत तिला पारदर्शिका असेही नाव आहे.

पूर्वी लोक अशा स्लाइड प्रोजेक्टरमध्ये घालून भिंतीवर किंवा पांढऱ्या पडद्यावर चित्रे पाहत. घरातील लग्न, प्रवास, शाळेची सहल, बंदरातील जहाज असे कितीतरी प्रसंग या लहानशा तुकड्यांवर उतरले आहेत. कोडॅक कंपनीची कोडॅक्रोम ही प्रसिद्ध स्लाइड फिल्म १९३५ साली बाजारात आली आणि २००९ साली तिचे उत्पादन बंद झाले. त्याच कंपनीने २००४ साली स्लाइड प्रोजेक्टर बनवणेही थांबवले होते. स्लाइडची फिल्म आजही थोडीफार बनते, पण घराघरांत प्रोजेक्टर राहिलेले नाहीत. डबीत चित्रे आहेत आणि ती पाहण्याचे साधन नाही, अशी अनेक घरांची स्थिती आहे.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे. कागदावरचा जुना फोटो फाटला, तर त्याच्या निगेटिव्हवरून नवा फोटो करता येतो. स्लाइडला निगेटिव्ह नसते. जी फिल्म कॅमेऱ्यात होती, तीच धुऊन चौकटीत बसवलेली असते. म्हणजे स्लाइड ही एकुलती एक मूळ प्रत होय. काळ जाईल तसे काही फिल्मचे रंग उडतात आणि चित्र तांबूस दिसू लागते. आपल्या कोकणासारख्या दमट हवेत फिल्मवर बुरशीही धरते. बुरशीने खाल्लेला चेहरा पुन्हा मिळत नाही. म्हणून स्लाइड चांगल्या स्थितीत आहेत तोवरच त्यांची डिजिटल प्रत करून ठेवणे शहाणपणाचे आहे.

ही प्रत दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे फिल्मसाठी सोय असलेला स्कॅनर वापरणे. दुसरा प्रकार म्हणजे स्लाइडच्या मागून उजेड सोडून कॅमेऱ्याने तिचाच फोटो काढणे. या दुसऱ्या प्रकारात कामाला वेग येतो. शिवाय हीच साधने मुंगी, फूल, नाणे, टपाल तिकीट अशा लहान वस्तूंचे फोटो काढायलाही उपयोगी पडतात. लहान वस्तूच्या अशा जवळून काढलेल्या मोठ्या फोटोला मॅक्रो छायाचित्रण म्हणतात.

आता प्रश्न असा, की यासाठी कोणता कॅमेरा आणि कोणते भिंग निवडावे? बहुतेक लोक दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतात, "किती मेगापिक्सेल?" खरे म्हणजे पहिला प्रश्न वेगळा हवा. वस्तू केवढी आहे, आणि कॅमेऱ्यातील सेन्सर केवढा आहे? सेन्सर म्हणजे चित्र टिपणारा कॅमेऱ्याच्या आतला आयताकृती तुकडा. पूर्वी ज्या जागी फिल्म असे, त्या जागी आता सेन्सर असतो.

नेहमीच्या स्लाइडमधील चित्र ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असते. फुल-फ्रेम नावाच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही जवळजवळ तेवढाच असतो. म्हणजे स्लाइड जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटली पाहिजे. या प्रमाणाला १:१ म्हणतात. एपीएस-सी नावाच्या लहान कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २४ मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर तीच स्लाइड मावण्यासाठी तिची प्रतिमा दोन तृतीयांश व्हायला हवी. सेन्सर लहान, तर प्रतिमाही लहान चालते. म्हणून स्लाइडच्या कामासाठी महागडा फुल-फ्रेम कॅमेराच हवा, असे मुळीच नाही.

मात्र भिंग तेवढी मोठी प्रतिमा देणारे असले पाहिजे. येथे एक हिशेब करून पाहू या. समजा, तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा आहे. त्याच्या फोटोत लांबीला ६००० आणि रुंदीला ४००० बिंदू असतात. त्याला साधे भिंग लावले आहे आणि ते जास्तीत जास्त एक चतुर्थांश आकाराची प्रतिमा देते. मग ३६ मिलिमीटरची स्लाइड सेन्सरवर फक्त ९ मिलिमीटरची उमटेल. २४ मिलिमीटरमध्ये ६००० बिंदू, तर ९ मिलिमीटरमध्ये २२५०. रुंदीला याच हिशेबाने १५०० बिंदू येतील. दोहोंचा गुणाकार करा. उत्तर सुमारे ३४ लाख येते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून हाती आले फक्त ३.४ मेगापिक्सेल! बाकीचा फोटो म्हणजे स्लाइडभोवतीची रिकामी जागा. मेगापिक्सेलचा आकडा एकटाच का उपयोगाचा नाही, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

म्हणून भिंग घेताना त्याच्या माहितीपत्रकात 'मॅग्निफिकेशन' हा आकडा शोधा. ०.२५ म्हणजे एक चतुर्थांश, ०.५ म्हणजे निम्मे आणि १ म्हणजे १:१. काही झूम भिंगांवर 'मॅक्रो' असा शब्द छापलेला असतो, पण ती निम्म्यापेक्षाही लहान प्रतिमा देतात. शब्दावर जाऊ नका, आकडा पाहा.

चांगली प्रतिमा मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग खास मॅक्रो भिंगाचा. या भिंगाने सपाट वस्तूचे चारही कोपरे मधल्या भागाइतकेच स्पष्ट येतात. स्लाइडसाठी हा गुण फार महत्त्वाचा आहे. हे भिंग नवेच हवे असे नाही. हाताने फिरवून फोकस करण्याचे जुने मॅक्रो भिंगही उत्तम काम देते. कारण स्लाइड काही पळून जात नाही. निकॉनचे ५५ मिलिमीटरचे जुने मायक्रो भिंग याचे चांगले उदाहरण आहे. ते एकटे निम्म्या आकारापर्यंत जाते आणि सोबत २७.५ मिलिमीटरची नळी जोडली की १:१ पर्यंत पोहोचते. असे जुने भिंग तुमच्या कॅमेऱ्यावर बसते की नाही आणि त्यासाठी वेगळी कडी लागते का, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

दुसरा मार्ग आताच उल्लेख केलेल्या नळीचा. तिला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. ती आतून पोकळ असते, तिच्यात काच नसते. ती भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसते आणि भिंग पुढे सरकवते. हिशेब सोपा आहे. नळीच्या लांबीला भिंगाच्या नाभीय अंतराने भागा. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २५ मिलिमीटरची नळी लावली, तर प्रतिमेच्या प्रमाणात ०.५ एवढी भर पडते. हा मार्ग स्वस्त आहे, पण कोपरे थोडे अस्पष्ट येऊ शकतात. तिसरा मार्ग म्हणजे भिंगाच्या पुढे क्लोज-अप काच लावणे. तो सर्वांत सोपा आहे, पण स्वस्त काचेने कडांची स्पष्टता बरीच कमी होते. फुलासाठी ती चालेल, स्लाइडसाठी तिचा मोह टाळावा.

भिंगानंतर येतो उजेड. स्लाइडमागे एलईडीचा सपाट पांढरा दिवा ठेवतात. हा दिवा निवडताना सीआरआय हा आकडा पाहावा. दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात, हे तो आकडा सांगतो. तो जास्तीत जास्त १०० असतो. आपल्याला ९५ किंवा त्याहून अधिक हवा. साध्या दिव्याच्या उजेडात काही रंग कमी असतात. मग चेहरे फिके दिसतात आणि नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी ते पूर्ण सुधारत नाहीत. स्लाइड दिव्यावर टेकवू नये, काही सेंटिमीटर वर धरावी. म्हणजे दिव्यावरची धूळ फोटोत येत नाही. स्लाइडभोवती काळा कागद लावावा आणि खोलीतला दिवा बंद करावा.

तिसरी गोष्ट स्थिरतेची. कॅमेरा हातात धरून हे काम होत नाही. त्यासाठी मजबूत तिपाई किंवा कॅमेरा सरळ खाली पाहील असा स्टँड हवा. कॅमेरा आणि स्लाइड एकमेकांना अगदी समांतर असले पाहिजेत. का, ते पाहा. १:१ प्रमाणात एफ/८ या ॲपर्चरवर सुमारे १ मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. स्लाइड फक्त २ अंशांनी तिरकी असली, तरी तिच्या एका टोकाचे अंतर दुसऱ्या टोकापेक्षा सव्वा मिलिमीटरने वाढते. मग एक बाजू अस्पष्ट झालीच म्हणून समजा. यावर एक सोपा उपाय आहे. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहा. भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले, की कॅमेरा सरळ आहे.

ॲपर्चर एफ/८ च्या आसपास ठेवावे. एफ/२२ पर्यंत छिद्र लहान केले, तर प्रकाशाचे विवर्तन होऊन सगळेच चित्र मऊ पडते. आयएसओ १०० ठेवावा. पडद्यावर चित्र मोठे करून फिल्मचे बारीक कण दिसतील असा फोकस करावा. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावावा. फोटो रॉ प्रकारात साठवावा. त्यात रंग सुधारायला अधिक वाव असतो.

फोटोआधी स्लाइडवरची धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण उडतात. सदऱ्याच्या टोकाने पुसू तर मुळीच नये, ओरखडे पडतात. स्लाइड नेहमी चौकटीला धरावी. फिल्मची एक बाजू चकचकीत आणि दुसरी थोडी निस्तेज असते. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे असली, की चित्र सुलटे येते. चित्रात दुकानाची पाटी असेल, तर ती वाचून खात्री करता येते. बुरशी लागलेली स्लाइड घासू नका. आधी आहे तसा तिचा फोटो घ्या आणि मग जाणकाराला विचारा.

हीच साधने घेऊन बागेत गेलात, तर दोन फरक जाणवतील. स्लाइड सपाट आणि स्थिर असते. मुंगी सपाटही नसते आणि स्थिरही नसते. १:१ प्रमाणात ५०-६० मिलिमीटरचे भिंग वस्तूच्या इतके जवळ न्यावे लागते, की कीटक घाबरून उडून जातो आणि भिंगाची सावलीही पडते. म्हणून कीटकांसाठी ९० ते १०५ मिलिमीटरचे भिंग बरे. त्याने थोडे दूर राहून काम होते. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो भिंगात १:१ प्रमाणासाठी वस्तू आणि सेन्सर यांत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर लागते. तेवढा उंच स्टँड असेल, तर हे एकच भिंग स्लाइड आणि कीटक अशा दोन्ही कामांना पुरते. फक्त स्लाइडच करायच्या असतील, तर ५०-६० मिलिमीटरचे भिंग अधिक सोयीचे.

आता पैशांचा विचार करू. आधी चांगला दिवा आणि पक्का स्टँड घ्यावा. मग भिंग. कॅमेरा शेवटी. तो जुना किंवा मागून आणलेलाही चालेल. चौकट पूर्ण भरली, तर २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून २० इंच लांबीचा स्पष्ट छापील फोटो निघतो. घरातील भिंतीसाठी यापेक्षा मोठा फोटो कोणाला हवा? ज्यांच्याकडे कॅमेरा नाही, त्यांनी दिव्यावर स्लाइड ठेवून मोबाइलने फोटो काढावेत. ते तितके बारीक येणार नाहीत, पण कोणत्या स्लाइडमध्ये काय आहे, याची यादी तरी तयार होईल.

प्रती झाल्या, की त्या दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी साठवा. मूळ स्लाइड फेकू नका. त्या कोरड्या जागी नीट ठेवा. आणि एक काम कोणत्याही कॅमेऱ्याने होत नाही, ते तुम्ही करा. प्रत्येक फोटो आजी-आजोबांना दाखवा. हे कोण, हे गाव कोणते, साल कोणते, ते विचारा आणि लगेच लिहून ठेवा. उडालेला रंग थोडाफार परत आणता येतो. पण फोटोतल्या माणसाचे नाव सांगणारेच कोणी उरले नाही, तर ते नाव कुठून आणणार? म्हणून साधने जमेपर्यंत थांबू नका. डबी आजच उघडा आणि विचारायला सुरुवात करा.