फाइलव्यवस्थेची स्मृतियाचना : चिन्ह आणि अधिकार

१

सामान्य प्रोग्रॅम जेव्हा संगणकाकडे स्मृती, म्हणजे मेमरी, मागतो तेव्हा त्या मागणीच्या दूरच्या परिणामांचा विचार करण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही. मागणी पुरी झाली तर काम पुढे चालते. न झाली तर तो एक प्रोग्रॅम बंद पडतो आणि बाकीचे यंत्र चालू राहते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा जो कर्नल, त्याच्या पोटात राहणाऱ्या फाइलव्यवस्थेची, अर्थात् फाइल सिस्टिमची, गोष्ट मात्र निराळी आहे. ती एकाच वेळी स्मृतीची याचकही असते आणि दातीही असते. वाचलेल्या फाइलींची पाने, निर्देशिकांतील नावे, प्रत्येक फाइलीचे वर्णन करणारी नोंद, म्हणजे आयनोड, हे सर्व पुन्हा लागेल म्हणून स्मृतीत राखून ठेवलेले असते, आणि यंत्राच्या स्मृतीचा मोठा भाग पुष्कळदा याच संचयाने व्यापलेला असतो. स्मृती कमी पडू लागली म्हणजे कर्नल फाइलव्यवस्थेलाच म्हणतो, ‘तुमच्याकडील काही मोकळे करा.’ आता ही सूचना ज्या मागणीमुळे निघाली ती मागणी स्वतः फाइलव्यवस्थेनेच, एखादे काम अर्धवट असताना, केली असेल तर काय होईल?

प्रस्तुत लेखाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे. लिनक्स हा १९९१ मध्ये आरंभिलेला कर्नल त्यासाठी उदाहरणादाखल घेतला आहे. त्याचा मूळ मजकूर सर्वांना वाचावयास खुला आहे. प्रश्न अभियांत्रिकीचा असला तरी त्याच्या मुळाशी भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला परिचित अशी एक अडचण आहे : एकाच शब्दांत केलेली याचना निरनिराळ्या प्रसंगी निराळा अर्थ धारण करते, आणि तो प्रसंग याचनेच्या शब्दांत कसा आणावयाचा हे ठरवावे लागते.

२

प्रथम स्मृती कोणत्या प्रकारे मिळते ते थोडक्यात पाहू. कर्नलच्या दृष्टीने स्मृती ही पानांची बनलेली असते. एक्स-८६ जातीच्या यंत्रांवर मूळ पान ४०९६ बाइटांचे असते. ही पाने दोनाच्या घातांनी बनणाऱ्या सलग गटांत, म्हणजे १, २, ४, ८ अशा संख्येत, वाटली जातात. दोन शेजारी गट मोकळे झाले की ते जोडून मोठा गट बनतो. या पद्धतीला ‘बडी’ अर्थात् सोबत्याची पद्धत म्हणतात. केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

परंतु फाइलव्यवस्थेला लागणाऱ्या बहुतेक वस्तू पानाहून लहान असतात. त्यांच्यासाठी जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ‘स्लॅब’ पद्धती मांडली. एका जातीच्या वस्तूंसाठी स्वतंत्र कॅश राखावयाचा व पानाचे नेमके तेवढ्या मापाचे खण पाडावयाचे, हे तिचे सूत्र. लिनक्समध्ये या कल्पनेचे तीन अवतार दीर्घकाळ एकत्र नांदत होते. त्यांपैकी ‘स्लॉब’ २०२३ मध्ये आणि जुना ‘स्लॅब’ २०२४ मध्ये काढून टाकण्यात आला; आता २००७ पासूनचा ‘स्लब’ तेवढा उरला आहे.

स्वतंत्र कॅशचा लाभ साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका नोंदीला ६०० बाइट लागतात. सर्वसाधारण ‘केमॅलॉक’ या फंक्शनकडे ती मागितली तर ठराविक मापांतले पुढचे माप, म्हणजे १०२४ बाइट, मिळते. एका पानात चार नोंदी बसतात आणि प्रत्येकीमागे ४२४ बाइट वाया जातात. स्वतंत्र कॅश केला तर त्याच पानात सहा नोंदी बसतात. शिवाय ‘या वस्तू गरज पडल्यास परत घेता येण्याजोग्या आहेत’ असे त्या कॅशविषयी सांगून ठेवता येते, आणि कर्नल तशी पाने एकत्र ठेवतो. लक्षावधी आयनोड बाळगणाऱ्या फाइलव्यवस्थेला ही काटकसर क्षुल्लक नाही.

मोठ्या मागण्यांचा प्रश्न याच्या उलट आहे. केमॅलॉक भौतिक दृष्ट्या सलग स्मृती देते, आणि यंत्र बराच काळ चालल्यावर अशी सलग जागा दुर्मिळ होते. फाइलीला जोडलेल्या एका विस्तारित गुणधर्माचे मूल्य लिनक्समध्ये ६४ किलोबाइटपर्यंत असू शकते. म्हणजे सोळा सलग पाने हवीत. ‘व्हीमॅलॉक’ हे फंक्शन विखुरलेली पाने घेऊन पत्त्यांच्या कोष्टकाद्वारे ती सलग भासवते. मात्र ते कोष्टक मांडण्याचा खर्च पडतो. प्रथम केमॅलॉक करून पाहावे व न साधल्यास व्हीमॅलॉककडे वळावे, हा क्रम अनेक लेखक आपापल्या परीने लिहीत होते. २०१७ मध्ये तो ‘केव्हीमॅलॉक’ या एकाच फंक्शनात बांधला गेला.

तिसरी जागा म्हणजे स्टॅक. फंक्शनच्या स्थानिक वस्तू तेथे विनासायास ठेवता येतात. पण कर्नलचा स्टॅक फार तोकडा असतो. ६४ बिटांच्या एक्स-८६ यंत्रांवर तो २०१४ पर्यंत ८ किलोबाइट होता, त्या वर्षी १६ करण्यात आला. फाइलव्यवस्थेच्या फंक्शनांची साखळी लांब असते, आणि तिच्या टोकाशी स्मृतीची मागणी झाली की स्मृती मोकळी करणारी दुसरी साखळी त्याच स्टॅकवर चढते. म्हणून मोठी वस्तू स्टॅकवर ठेवणे हा मार्ग फाइलव्यवस्थेला बव्हंशी बंदच असतो.

३

येथवरचे सर्व पर्याय ‘कोठून व किती’ या स्वरूपाचे झाले. खरी अडचण ‘कोणत्या प्रसंगी’ या प्रश्नात आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक मागणीबरोबर एक चिन्ह द्यावे लागते. ‘जीएफपी-कर्नल’ या चिन्हाचा आशय असा : मी थांबावयास तयार आहे, स्मृती मिळवण्यासाठी जे करणे आवश्यक असेल ते करावे. ‘जीएफपी-नोएफएस’चा आशय : थांबेन, परंतु माझ्यासाठी स्मृती मोकळी करताना फाइलव्यवस्थेत शिरू नका. ‘जीएफपी-नोआयओ’ याहून कडक आहे. डिस्कचे वाचन-लेखनही सुरू करू नका, असे ते सांगते. ‘जीएफपी-अॅटॉमिक’ म्हणते, मला थांबताच येणार नाही. ही चिन्हे मागितलेल्या वस्तूचे वर्णन करीत नाहीत. मागणाऱ्याची परिस्थिती सांगणे, हेच त्यांचे काम आहे.

नोएफएस कशासाठी, हे एका घटनाक्रमावरून पाहू. फाइलव्यवस्थेने एक लॉक घेतला आहे आणि ती एका व्यवहाराच्या मध्यावर आहे. ‘व्यवहार’ हा शब्द येथे पारिभाषिक आहे : जर्नलमध्ये, म्हणजे फाइलव्यवस्थेच्या रोजकीर्दीत, जे बदल एकत्रच नोंदले गेले पाहिजेत, अर्धे कधीच नाहीत, त्यांचा तो समूह. या अवस्थेत ती जीएफपी-कर्नल या चिन्हाने काही बाइट मागते. स्मृती शिल्लक नाही. कर्नल आयनोडांचा संचय आटपावयास निघतो. त्यातील एक आयनोड काढून टाकण्यासाठी तोच लॉक लागतो, अथवा नवा व्यवहार सुरू करावा लागतो. लॉक आधीच घेतलेला आहे आणि तो घेणारा स्मृतीची वाट पाहत उभा आहे. घेणारा आणि वाट पाहणारा एकच असल्याने ही कोंडी, हा डेडलॉक, आपोआप सुटण्याचा मार्ग राहत नाही. त्या फाइलव्यवस्थेला स्पर्श करणारा प्रत्येक प्रोग्रॅम मग एकेक करून त्याच दारात येऊन उभा राहतो.

नकाराचा मार्गही सोपा नाही. मागणी नाकारली तर फाइलव्यवस्थेने व्यवहार मागे घ्यावा, असे कोणी म्हणेल. परंतु व्यवहारात काही वस्तू बदलून झाल्या असतील तर पूर्वस्थिती परत आणणे दर वेळी शक्य नसते. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये १९९० च्या दशकात जन्मलेली एक्सएफएस ही फाइलव्यवस्था अशा प्रसंगी, म्हणजे बदल झालेला व्यवहार सोडून द्यावा लागल्यास, स्वतःला संपूर्ण बंद करून घेते. डिस्कवरील माहिती विसंगत होण्यापेक्षा काम थांबलेले बरे, हा त्यामागील विचार. म्हणजे काही बाइटांच्या नकाराची किंमत संपूर्ण फाइलव्यवस्था उपलब्ध नसणे ही होऊ शकते. म्हणूनच ‘नकार चालणारच नाही’ असे सांगणारे ‘नोफेल’ हे आणखी एक चिन्ह अस्तित्वात आहे.

२०१४ च्या डिसेंबरात या संदर्भात एक विलक्षण गोष्ट चर्चेत आली. आठ पानांपर्यंतच्या, अर्थात् ३२ किलोबाइटपर्यंतच्या, थांबण्यास तयार असलेल्या मागण्या लिनक्सचा वाटपकर्ता व्यवहारतः कधी नाकारीतच नव्हता. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राही. फाइलव्यवस्थेचे लेखक मात्र मागणी नाकारली जाऊ शकते असे धरून चालले होते, आणि तसा प्रसंग निभावण्याचा मजकूर त्यांनी ठिकठिकाणी लिहून ठेवला होता. तो मजकूर बहुतांशी कधी चाललाच नव्हता. याहून वाईट म्हणजे, स्मृती संपल्यावर कर्नल एखादा प्रोग्रॅम ठार करून जागा मिळवू पाहतो. पण निवडलेला प्रोग्रॅम त्याच लॉकसाठी खोळंबलेला असेल तर तो मरतही नाही व जागाही सुटत नाही. दोन पक्षांत जो संकेत आहे असे दोघेही मानीत होते, त्याचा अर्थ दोघांच्या लेखी भिन्न होता.

४

चिन्हाची पद्धत वरवर पुरेशी वाटते. तरी ती अपुरी का पडली? याची तीन कारणे दिसतात.

पहिले असे की, चिन्ह लिहावे लागते मागणीच्या जागी, आणि परिस्थितीचे ज्ञान असते साखळीत पुष्कळ वर. एकच साहाय्यक फंक्शन व्यवहाराच्या आतूनही बोलावले जाते आणि बाहेरूनही. त्याच्या लेखकाने काय लिहावे? सावधगिरी म्हणून तो नोएफएस लिहितो. आणि मग जेथे निर्बंधाची गरज नाही तेथेही निर्बंध लागू होतो.

दुसरे, चिन्ह खालपर्यंत पोहोचतेच असे नाही. व्हीमॅलॉक पत्त्यांच्या कोष्टकासाठी आतल्या आत जी पाने घेते ती जीएफपी-कर्नल या चिन्हानेच घेतली जात. वरून नोएफएस सांगूनही आतील एक मागणी मोकाटच राही. व्हीमॅलॉकने नोएफएस हे चिन्ह खऱ्या अर्थाने पाळावयास आरंभ केला तो २०२२ मध्ये.

तिसरे, नोएफएस निरुपद्रवी नाही. ते दिले की फाइलव्यवस्थांचे संचय आटपता येत नाहीत आणि प्रोग्रॅम ठार करण्याचा अखेरचा उपायही योजला जात नाही. सर्वांनीच हे चिन्ह वापरले तर स्मृती मोकळी करावयाची कोणी, हा प्रश्न उरतो. शिवाय चिन्ह कारण सांगत नाही. ते खऱ्या कोंडीच्या भयाने लिहिले, की लॉकांचा क्रम तपासणाऱ्या ‘लॉकडेप’ची खोटी तक्रार गप्प करण्यासाठी लिहिले, हे पुढच्या वाचकास समजत नाही, आणि न समजल्यामुळे ते पुसण्याचे धैर्य कोणास होत नाही. एक्सएफएसमध्ये दोन्ही प्रकारची चिन्हे होती.

२०१७ मध्ये लिनक्सने निराळा मार्ग स्वीकारला. ‘मेमअॅलॉक-नोएफएस-सेव्ह’ हे फंक्शन बोलावले की त्या क्षणापासून ‘मेमअॅलॉक-नोएफएस-रिस्टोअर’ येईपर्यंत त्या कार्याने केलेली प्रत्येक मागणी, ती कितीही खोल जागी असो आणि कोणत्याही चिन्हाने केलेली असो, नोएफएस समजली जाते. एक्सएफएसने स्वतःपुरता असा संकेत पूर्वीच राखला होता. तो येथे सर्वांसाठी खुला झाला.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला येथे अधिकारसूत्राचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी प्रत्ययाचा अधिकार सुरू होतो आणि पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालतो. मधल्या प्रत्येक सूत्रात तो शब्द पुन्हा उच्चारावा लागत नाही. लाघव हा त्याचा एक लाभ. पण त्याहून मोठा लाभ असा की, गोष्ट जेथे ठरते तेथेच ती सांगितली जाते. नोएफएसचा अधिकार जेथे व्यवहार सुरू होतो अथवा लॉक घेतला जातो तेथे लिहिला जातो; कारण आणि विधान शेजारी शेजारी राहतात.

५

हे साम्य फार ताणू नये. पाणिनीच्या अधिकाराची व्याप्ती ग्रंथक्रमाने ठरते; कर्नलमधील अधिकाराची व्याप्ती कालक्रमाने ठरते, आणि तो मजकुराला न चिकटता चालू कार्याला चिकटतो. यातून दोन बंधने निष्पन्न होतात. अधिकारात अधिकार येऊ शकतो. म्हणून सेव्ह हे फंक्शन पूर्वीची स्थिती परत देते आणि रिस्टोअर तीच पुन्हा बसवते. आतला अधिकार संपताना बाहेरचा संपू नये, हा त्याचा हेतू. दुसरे बंधन अधिक नाजूक आहे : काम दुसऱ्या कार्याकडे सोपवले तर अधिकार बरोबर जात नाही. एक्सएफएसमध्ये बी-वृक्षाच्या गाठीचे विभाजन काही प्रसंगी, स्टॅक अपुरा पडतो म्हणून, वेगळ्या कार्याकडे दिले जाते. तेथे व्यवहाराचा अधिकार त्या कार्यावर नव्याने प्रस्थापित करावा लागतो. सोपवणारा वाट पाहत थांबलेला असतो, म्हणून व्यवहार तोच राहतो, करणारा तेवढा बदलतो.

कर्नलच्या अधिकृत मार्गदर्शनात २०१८ पासून अधिकारपद्धतीचीच शिफारस आहे. २०२४ मध्ये एक्सएफएसने आपली जुनी स्वतंत्र वाटप-फंक्शने काढून टाकली आणि ठिकठिकाणची नोएफएस चिन्हे मोठ्या प्रमाणावर वगळली. नवे लिहिण्यापेक्षा जुने चिन्ह पुसणे कठीण असते. कारण पुसण्यापूर्वी ते का लिहिले होते हे सिद्ध करावे लागते.

सारांश, फाइलव्यवस्थेचा मजकूर वाचताना विद्यार्थ्याने प्रत्येक मागणीपाशी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. ही वस्तू केवढी व किती संख्येने लागणार. मागणी नाकारली तर येथून मागे फिरता येते काय. आणि या क्षणी हातात काय धरलेले आहे. पहिल्याचे उत्तर त्याच ओळीत सापडते. दुसऱ्यासाठी व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे लागते. तिसऱ्याचे उत्तर मागणीच्या ओळीत शोधणे व्यर्थ होय. ते तिच्या वर, कधी दहा फंक्शने वर, ठरलेले असते. जे जेथे ठरते ते तेथेच लिहावे, आणि खालच्याने त्याचा अंदाज करीत बसू नये, हे तत्त्व मान्य केले की बाकीचे पर्याय पुष्कळ सोपे होतात.