तीन नोकऱ्या, दोन नावं, एक बोट

वीकएंडला कडावच्या गणपतीला किंवा कर्जतच्या फार्महाऊसवर जाताना समोर बोरघाट दिसतोच. १९२०च्या दशकात या घाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम वालचंद हिराचंद यांच्या कंपनीनं केलं. पण सोलापूरच्या या पठ्ठ्यानं त्याआधीच एक भलतंच धाडस केलं होतं. चक्क एक सेकंडहॅण्ड आगबोट घेतली होती! आणि तिचा बायोडेटा होता एकदम जबरदस्त.

मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. जन्म १८९०, इंग्लंडमधल्या बॅरोचा. पहिली नोकरी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीत, व्हँकुव्हर ते हाँगकाँग. काम टपाल आणि प्रवासी नेण्याचं. पण या नोकरीत एक अट होती. सरकारी अनुदानाच्या बदल्यात बांधणीच अशी केलेली, की युद्ध पेटलं तर डेकवर तोफा चढवता याव्यात.

१९१४मध्ये युद्ध पेटलंच. तिची बहीण ‘एम्प्रेस ऑफ जपान’ खरोखरच नौदलात गेली. हिच्या वाट्याला मात्र मलमपट्टी आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचं तरंगतं हॉस्पिटल झालं. नवं नाव ‘लॉयल्टी’. निष्ठा, अर्थातच साम्राज्यावरची!

युद्ध संपल्यावर ही बोट विकायला असल्याचं वालचंदांना रेल्वेच्या प्रवासात कळलं. नरोत्तम मोरारजींसारखे भागीदार गाठून त्यांनी ती घेतली. शिंद्यांच्या बोटीवरून कंपनीचं नाव पडलं ‘सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन’. ५ एप्रिल १९१९ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. गंमत बघा, नावात निष्ठा आणि काम इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला टक्कर द्यायचं!

धंदा म्हणाल तर ही तिसरी नोकरी फसली. म्हाताऱ्या बोटीवर प्रवासी वाहतूक परवडेना. १९२३मध्ये मुंबईतच ती भंगारात निघाली. कंपनी मात्र बुडाली नाही. मालवाहतुकीवर तगली, विशाखापट्टणमला जहाजं बांधायला लागली. तिथं तयार झालेली ‘जलउषा’ १९४८मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

१९६४पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो. तोट्यात गेलेल्या एका फेरीची ही आठवण. पहिल्याच प्रोजेक्टचा बॅलन्सशीट बघून हातपाय गाळणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर जरूर मार्क करावी.