चारचौघांचं घड्याळ

महागडं घड्याळ घ्यायचं ठरलं की पेच पडतो तो हा: सगळ्यांना ठाऊक असलेलं घ्यावं, की पंचक्रोशीत कुणाच्याच मनगटावर दिसणार नाही असं? हा पेच आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातलं मुकुटबन हे कापसाच्या आणि कोळशाच्या पट्ट्यातलं गाव. २०२२ साली तिथे वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला की हौसेच्या वस्तूंचाही विचार होतोच, आणि त्यात गैर काही नाही. त्यातच मार्च २०२४ मध्ये भारताने स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी व्यापार करार केला आणि स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं. अशा वेळी मुकुटबनसारख्या ठिकाणच्या माणसाने दुर्मीळ घड्याळाच्या मागे न लागता लोकप्रिय घड्याळ घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. दुर्मीळपणा म्हणून बाजारात जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा लोकप्रियतेच्याच खांद्यावर उभं असतं.

आपल्याकडचाच इतिहास बघा. फाव्र-लूबा ही स्विस पेढी १८६५ मध्ये मुंबईत आली, वेस्ट एंड वॉच कंपनीनेही १८८६ मध्ये मुंबईतच बस्तान बसवलं. या कंपन्यांचं नाव झालं ते घड्याळं मूठभरांपुरती ठेवल्यामुळे नव्हे, तर ती लष्करात, रेल्वेत, कचेऱ्यांत पोचल्यामुळे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि स्विस घड्याळ ही सोन्याबरोबर चोरट्या मार्गाने येणारी वस्तू झाली. मग १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली. चावी देऊन चालणारं, सतरा ज्वेलचं ‘जनता’ हे त्यांतलं सर्वांत माहितीचं. लग्नात जावयाला घड्याळ देण्याची रीत गावोगाव रुजली, नोकरी लागलेल्या मुलाच्या मनगटावर एचएमटी आलं. मागणीच्या मानाने उत्पादन अपुरं पडे, म्हणून हे सर्वसामान्यांचं घड्याळही मिळवावं लागे. पुढे १९८४ मध्ये टायटनची स्थापना झाली, सेलवरची नाजूक घड्याळं आली, आणि चावीच्या घड्याळावर भिस्त ठेवलेली एचएमटी मागे पडत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर काय झालं? जी ‘जनता’ घराघरांत धूळ खात पडली होती, तिचे संग्राहक तयार झाले आणि जुन्या मालाचे भाव चढले. यंत्र तेच, तबकडी तीच. फक्त कारखाना थांबला होता. दुर्मीळपणा घड्याळाला बाहेरून चिकटला. आणि एकेकाळी ते लाखोंना प्रिय होतं, म्हणूनच चिकटला. ज्या घड्याळाची कुणाला आठवणच नाही, ते कितीही विरळा असलं तरी जुन्या बाजारात किलोवर जातं.

जगाच्या बाजारातलं सर्वांत गाजलेलं उदाहरणही हेच सांगतं. रोलेक्सच्या डेटोना घड्याळाची एक वेगळ्या तबकडीची आवृत्ती १९६० च्या दशकात दुकानात पडून राहायची. गिऱ्हाइकांना ती आवडेना. विकली गेली नाही म्हणून ती थोडी बनली. पॉल न्यूमन या नटाच्या मनगटामुळे ती पुढे प्रसिद्धीला आली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचं स्वतःचं घड्याळ न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. संख्या तर आधीही थोडीच होती. किंमत चढली ती लोकांची नजर वळल्यावर. रोलेक्स आपले आकडे जाहीर करत नाही, पण जाणकारांच्या अंदाजाने ती वर्षाला दहा लाखांहून अधिक घड्याळं बनवते, आणि तरीही तिच्या काही घड्याळांसाठी नाव नोंदवून थांबावं लागतं.

यावर पहिला आक्षेप कारागिरीचा, आणि तो मला मोलाचा वाटतो. हाताने घासून चकाकवलेले भाग, महिनोन्महिने जुळवलेली यंत्ररचना हे खरंच थोड्यांना जमतं. त्याला दाद दिलीच पाहिजे. पण ती दाद कामाला आहे, आकड्याला नाही. तबकडीवर ‘१०० पैकी ३७’ असं कोरल्याने आतलं एकही चाक अधिक नेटकं होत नाही. दुसरा आक्षेप गुंतवणुकीचा. थोडं बनतं ते वाढतं, असा समज २०२१ च्या सुमारास फार बळावला होता. २०२२ च्या सुरुवातीला वापरलेल्या घड्याळांचे भाव शिखराला पोचले आणि मग घसरले. शिवाय विकायला गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईक ओळखीच्या नावालाच भेटतं. आणखी एक धोका आपल्या दारातला आहे. जुन्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे सुटे भाग जोडून ‘अस्सल जुनं’ म्हणून विकलेल्या मालाला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. फाव्र-लूबा आणि एचएमटी दोन्ही त्यात सापडतात. दुर्मीळतेच्या ओढीवरच हा धंदा चालतो.

खरी कसोटी मात्र दुरुस्तीची. चावीचं किंवा आपोआप चालणारं घड्याळ काही वर्षांनी उघडावं लागतं: तेल सुकतं, रबरी वायसर कडक होतो, सिमेंट-कोळशाच्या धुळीच्या मुलखात तर अधिकच काळजी घ्यावी लागते. खूप खपलेल्या यंत्राचे सुटे भाग मिळतात, ते उघडून बसवणारे हात असतात, अधिकृत केंद्र निदान मोठ्या शहरात सापडतं. पन्नास नगांच्या घड्याळाला हे काहीच नसतं. ते मुकुटबनहून निघून थेट परदेशातल्या मूळ कारखान्याची वाट धरतं आणि महिनोन्महिने परत येत नाही. म्हणून दुकानात किती नग बनले हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: आतलं यंत्र कोणाचं, सर्व्हिसिंग कुठे होतं, आणि वीस वर्षांनी सुटे भाग मिळतील का. विक्रेता यांची सरळ उत्तरं देत असेल तर ते घड्याळ शेजाऱ्याकडेही आहे, याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही.